विश्लेषण : ऑनलाइन पोकरमध्ये समोरच्याची बोली खरेच ‘वाचता’ येते का? छोट्या टेबलावरचे गणित काय सांगते?

पैशांवर खेळल्या जाणाऱ्या सर्व ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारे विधेयक ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केले आणि भारतातील मोठ्या पोकर मंचांनी पैशांची टेबले बंद केली. खेळ कौशल्याचा आहे की नशिबाचा, हा भेदच नव्या कायद्याने पुसून टाकला. त्याविरोधात कंपन्या आणि खेळाडूंचा मुख्य युक्तिवाद एकच आहे : पोकर हा पत्त्यांचा नव्हे, समोरचा माणूस वाचण्याचा खेळ आहे. हा दावा कितपत खरा आहे? एक-दोन रुपयांच्या टेबलावर बसणाऱ्या सामान्य खेळाडूला त्याचा काही उपयोग होतो का?

पोकरमध्ये बोलीला इतके महत्त्व का?

ऑनलाइन सर्वाधिक खेळला जाणारा प्रकार म्हणजे ‘टेक्सास होल्डेम’. प्रत्येकाला दोन पाने मिळतात, ती इतरांना दिसत नाहीत. टेबलावर टप्प्याटप्प्याने पाच पाने उघडली जातात : आधी तीन (फ्लॉप), मग एक (टर्न) आणि शेवटी एक (रिव्हर). हातातली दोन आणि टेबलावरची पाच, अशा सातांतून ज्याची पाच पाने सर्वांत भारी, तो जिंकतो. मात्र प्रत्येक टप्प्यावर बोली लागते. बोलीइतके पैसे भरून राहायचे (कॉल), बोली वाढवायची (रेझ) किंवा पाने टाकून बाहेर पडायचे (फोल्ड), हे ठरवावे लागते.

तीन पत्ती खेळलेल्यांना यातली मेख लगेच कळेल. भारी पानांशिवाय केवळ चाल वाढवून समोरच्याला ‘पॅक’ करता येते. पोकरमध्ये हे किती वेळा घडते, याचा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. पोकरस्टार्स या कंपनीच्या मंचावरील १० कोटींहून अधिक डाव त्यासाठी तपासण्यात आले. त्यांपैकी सुमारे ७६ टक्के डावांत पाने उघडण्याची वेळच आली नाही. एक सोडून बाकी सगळ्यांनी आधीच पाने टाकली होती. हा अभ्यास पोकर कंपनीच्याच पैशाने झाला होता, हे ध्यानात ठेवायला हवे. तरीही त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. चारपैकी तीन डावांचा निकाल पानांनी नव्हे, तर बोलीने लागतो. म्हणूनच समोरच्याची बोली काय सांगते, हा या खेळातला कळीचा प्रश्न आहे.

चेहरा दिसत नाही, मग वाचायचे काय?

समोरासमोर बसून खेळताना हाताची थरथर, नजर, आवाज यांवरून अंदाज बांधले जातात. मोबाइलच्या पडद्यावर यातले काहीच नसते. तिथे उरते ती आकडेवारी. कोण किती वेळा डावात उतरला, किती रकमेची बोली लावली, कुठे थांबला, याची प्रत्येक डावानंतर नोंद होते.

या नोंदींतून तीन आकडे प्रामुख्याने काढले जातात. पहिला, १०० पैकी किती डावांत खेळाडूने स्वतःहून पैसे घातले. खेळाडू त्याला ‘व्हीपीआयपी’ म्हणतात. दुसरा, फ्लॉप उघडण्यापूर्वी किती वेळा बोली वाढवली, म्हणजे ‘पीएफआर’. तिसरा, त्यानंतरच्या टप्प्यांत बोली लावणे-वाढवणे आणि नुसते कॉल करणे यांचे गुणोत्तर, म्हणजे आक्रमकता. हे आकडे प्रत्येक प्रतिस्पर्ध्याच्या नावाशेजारी सतत दाखवणारी सॉफ्टवेअरही आहेत. त्यांना ‘हड’ म्हणतात.

हे आकडे एकेकटे फारसे बोलत नाहीत. त्यांच्यातले अंतर महत्त्वाचे. सहा जणांच्या टेबलावर एखादा १०० पैकी ५० डावांत उतरत असेल आणि बोली मात्र पाचच वेळा वाढवत असेल, तर तो कोणत्याही पानांवर ‘बघू तरी’ म्हणून बसणारा खेळाडू आहे. दुसरा २२ डावांत उतरून १८ वेळा बोली वाढवत असेल, तर तो पाने निवडून आणि आक्रमकपणे खेळतो.

छोट्या टेबलावरील खेळाडू कसे असतात?

लहान रकमेच्या टेबलावर बहुतांश खेळाडू हौशी असतात. त्यांची बोली त्यांच्या पानांशी बऱ्यापैकी प्रामाणिक असते, असा नियमित खेळणाऱ्यांचा अनुभव आहे. काही ढोबळ ठोकताळे तिथूनच आले.

- वारंवार कॉल करणारा : याला ‘कॉलिंग स्टेशन’ म्हणतात. हा पाने सहजासहजी टाकत नाही. त्याच्यासमोर ब्लफ करणे म्हणजे पैसे वाटणे. चांगली पाने असतील तेव्हा मोठी बोली लावावी, एवढाच त्याच्यावरचा उपाय.

- शांत खेळाडूची अचानक मोठी बोली : तासभर नुसते कॉल करणारा रिव्हरवर एकदम बोली वाढवत असेल, तर बहुधा त्याची पाने खरेच भारी असतात.

- अगदी किरकोळ बोली : पॉटमध्ये ४० रुपये असताना दोन-चार रुपयांची बोली लागली, तर अनेकदा ती ‘मला पुढचे पान स्वस्तात बघू द्या’ अशी विनंती असते.

- हरल्यावर बदललेला खेळाडू : मोठा पॉट गमावल्यानंतर काही जण प्रत्येक डावात उतरू लागतात. खेळाडूंच्या भाषेत तो ‘टिल्ट’ झालेला असतो. अशा वेळी त्याचे आधीचे आकडे निरुपयोगी ठरतात.

बोली लावायला किती वेळ घेतला, यावरूनही अंदाज बांधले जातात. पण मोबाइलवर हा संकेत फसवा असतो. पलीकडचा विचारात पडला आहे, त्याचे नेटवर्क गेले आहे की तो एकाच वेळी चार टेबलांवर खेळत आहे, हे पडद्यावरून कळत नाही.

एकच बोली, दोन अर्थ : गणित काय सांगते?

समजा पॉटमध्ये १०० रुपये आहेत आणि रिव्हरवर समोरच्याने आणखी १०० रुपयांची बोली लावली. तुमची पाने मध्यम आहेत. त्याची पाने भारी असतील तर तुम्ही हरणार, तो ब्लफ करत असेल तर जिंकणार. १०० रुपये भरून २०० रुपये मिळण्याची संधी आहे. म्हणजे तीनपैकी किमान एकदा तुम्ही जिंकलात तरच कॉल परवडतो. थोडक्यात, जिंकण्याची शक्यता ३३ टक्क्यांहून अधिक हवी.

आता असा प्रसंग १०० वेळा आला असे धरू. त्यांपैकी ३० वेळा समोरच्याकडे भारी पाने आहेत, ७० वेळा हलकी.

पहिला प्रतिस्पर्धी शांत आहे. भारी पाने असताना तो ४० टक्के वेळा अशी मोठी बोली लावतो, हलकी असताना फक्त ४ टक्के वेळा. म्हणजे ३० पैकी १२ वेळा आणि ७० पैकी साधारण ३ वेळा. एकूण १५ मोठ्या बोलींपैकी १२ खऱ्या. तुमची जिंकण्याची शक्यता २० टक्के. इथे पाने टाकणेच शहाणपणाचे.

दुसरा प्रतिस्पर्धी आक्रमक आहे. भारी पाने असताना ६० टक्के आणि हलकी असताना २५ टक्के वेळा तो मोठी बोली लावतो. म्हणजे १८ खऱ्या आणि साधारण १८ खोट्या. तुमची शक्यता ५० टक्के. इथे कॉल करणे फायद्याचे.

तुमची पाने तीच, टेबलावरची पाने तीच, बोलीची रक्कमही तीच. फक्त समोरचा माणूस बदलला आणि योग्य उत्तर उलटे झाले. नवी माहिती मिळाली की आधीचा अंदाज सुधारायचा, हे संभाव्यताशास्त्रातले बेजचे सूत्र इथे वापरले गेले. पोकरमध्ये कौशल्य असते, असे म्हणणाऱ्यांची बाजू या टप्प्यापर्यंत भक्कम आहे.

किती डाव पाहिल्यावर अंदाजावर विश्वास ठेवावा?

अडचण इथून सुरू होते. वरच्या उदाहरणातले ४० टक्के, ४ टक्के हे आकडे गृहीत धरलेले आहेत. प्रत्यक्षात ते टेबलावर बसून मोजावे लागतात.

एखादा खेळाडू पहिल्या २० डावांपैकी ५ डावांत उतरला. म्हणजे २५ टक्के? संख्याशास्त्राच्या दृष्टीने एवढ्या नमुन्यावरून त्याचा खरा आकडा १० ते ४५ टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो. त्यातला १० टक्केवाला कमालीचा सावध, तर ४५ टक्केवाला बेफाम. वीस डावांनंतर दोघे एकसारखेच दिसू शकतात.

डावात उतरणे ही तरी वारंवार घडणारी गोष्ट. रिव्हरवर बोली वाढवण्याचे प्रसंग त्या मानाने फारच थोडे येतात. एखाद्याच्या या सवयीविषयी ठाम काही म्हणायचे तर त्याचे शेकडो नव्हे, हजारो डाव पाहावे लागतात. छोट्या टेबलांवर खेळाडू सतत येत-जात असतात. ज्याला वाचायचे, तो तासाभरात उठून गेलेला असतो. त्यामुळे व्यवहारात एका व्यक्तीपेक्षा ‘या टेबलावरचे लोक साधारण कसे खेळतात’ याचाच अंदाज कामी येतो.

माणसाच्या मेंदूची खोड इथे आडवी येते. दोनदा ब्लफ पकडला की ‘हा नेहमीच ब्लफ करतो’ असे वाटू लागते. जे लक्षात राहिले तोच पॅटर्न समजला जातो. पाने न उघडता संपलेल्या डावांत समोरच्याकडे काय होते, हे तर कधीच कळत नाही.

स्वतःचे कौशल्य तरी मोजता येते का?

पोकरमधील कमाई १०० डावांमागे किती ‘बिग ब्लाइंड’, या एककात मोजतात. बिग ब्लाइंड म्हणजे डाव सुरू होताना भरावी लागणारी मोठी सक्तीची रक्कम. एक-दोन रुपयांच्या टेबलावर ती दोन रुपये असते. समजा एखादा खेळाडू खरोखर चांगला आहे आणि दर १०० डावांमागे सरासरी ५ बिग ब्लाइंड, म्हणजे १० रुपये कमावतो. पण सहा जणांच्या टेबलावर दर १०० डावांतील चढउतार साधारण ९० बिग ब्लाइंडच्या घरात असतात. म्हणजे कमाईच्या तुलनेत नशिबाचा झोका अठरापट मोठा.

याचा परिणाम असा की १० हजार डावांनंतरही या चांगल्या खेळाडूची सरासरी उणे १३ ते अधिक २३ यांच्या दरम्यान कुठेही दिसू शकते. म्हणजे कुशल खेळाडू तोट्यात आणि अकुशल खेळाडू नफ्यात असू शकतो. ताशी ७० डाव धरले तर १० हजार डावांना १४० तासांहून अधिक वेळ लागतो. एक लाख डावांनंतर हा पट्टा जवळपास शून्य ते ११ असा आक्रसतो. त्यासाठी एका टेबलावर रोज चार तास याप्रमाणे जवळपास वर्षभर खेळावे लागेल.

‘मला हा खेळ जमतो’ असे महिनाभराच्या नफ्यावरून ठरवणाऱ्याचे गणित इथेच चुकते.

मग पैसे जातात कुठे?

प्रत्येक पॉटमधून मंच आपला वाटा कापतो. त्याला ‘रेक’ म्हणतात. त्याचे प्रमाण साधारण ५ टक्क्यांच्या आसपास असते आणि त्याला कमाल मर्यादा असते. मोठ्या टेबलावर ही मर्यादा लवकर गाठली जाते. छोट्या टेबलावर पॉट लहान असल्याने ती क्वचितच लागू होते. त्यामुळे डावाच्या रकमेच्या तुलनेत रेकचा सर्वाधिक भार लहान खेळाडूवर पडतो.

एक साधा हिशेब करू. एक-दोन रुपयांचे टेबल, सहा खेळाडू, प्रत्येकाकडे २०० रुपये. टेबलावर एकूण १,२०० रुपये. सरासरी पॉट २० रुपयांचा धरला तर ५ टक्के दराने दर डावाला एक रुपया मंचाकडे जातो. ६०० डावांत, म्हणजे आठ-नऊ तासांत, ६०० रुपये जातात. कोण कसाही खेळो, टेबलावरचे निम्मे पैसे संपलेले असतात.

प्रत्येक खेळाडूमागे हा भार १०० डावांना सुमारे ८ बिग ब्लाइंड पडतो. म्हणजे ५ बिग ब्लाइंड कमावायचे असतील, तर इतरांपेक्षा १३ बिग ब्लाइंडने सरस खेळावे लागेल. एवढे साधले तरी ताशी ७० डावांच्या हिशेबाने कमाई किती? एका टेबलावर तासाला सात रुपये.

त्यात कराची भर. १ ऑक्टोबर २०२३ पासून खेळाडूने भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागू झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने हा दर ४० टक्क्यांवर नेला.

कॉर्नेल विद्यापीठातील समाजशास्त्राचे संशोधक काइल सायलर यांनी सुमारे २ कोटी ७० लाख ऑनलाइन डावांचा अभ्यास केला. तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील एक निष्कर्ष छोट्या टेबलांना नेमका लागू पडतो. जे खेळाडू अधिक डाव जिंकत होते, ते एकूण पैसे गमावण्याची शक्यता अधिक होती. कारण अनेक लहान विजयांचा आनंद एखाद्या मोठ्या पराभवात वाहून जातो. खेळणाऱ्याला मात्र ‘आपण बहुतेक वेळा जिंकतो’ असेच वाटत राहते. सगळे लक्ष समोरच्याचा पॅटर्न शोधण्यात असते आणि स्वतःचा पॅटर्न दिसत नाही.

बोलीच्या पॅटर्नवरून चोरी कशी पकडली गेली?

बोलीचे पॅटर्न खरेच बोलतात, याचा सर्वांत मोठा पुरावा २००७ मध्ये मिळाला. ‘अ‍ॅब्सोल्यूट पोकर’ या मंचावरील एका खेळाडूची बोली इतर खेळाडूंना खटकू लागली. तो अत्यंत हलक्या पानांवर बिनदिक्कत कॉल करायचा आणि बरोबर ठरायचा. समोरच्याकडे भारी पाने असली की नेमका बाहेर पडायचा. खेळाडूंनी डावांच्या नोंदी जमवून तपासल्या. इतरांची झाकलेली पाने दिसत असल्याशिवाय असा खेळ शक्य नाही, असा निष्कर्ष निघाला. आणि ते खरे ठरले. यंत्रणेच्या आतून मिळालेल्या प्रवेशाच्या जोरावर इतरांची पाने पाहिली जात होती.

पाठोपाठ ‘अल्टिमेटबेट’ या मंचावरही असाच प्रकार उघड झाला. काही खात्यांचा नफा संभाव्यतेच्या कोणत्याही गणितात बसत नव्हता. दोन्ही मंचांना परवाना देणाऱ्या कॅनडातील काहनवाके गेमिंग कमिशनने पहिल्याला पाच लाख डॉलरचा आणि दुसऱ्याला १५ लाख डॉलरचा दंड केला. अल्टिमेटबेटवरील फसवणूक दोन कोटी २० लाख डॉलरच्या घरात होती.

दोन बाबी लक्षात घ्यायला हव्यात. ही चोरी खेळाडूंच्या चिकाटीमुळे उघड झाली आणि त्यासाठी डावांच्या तपशीलवार नोंदी हाती असाव्या लागल्या. दाद मागायला एक नियामकही होता.

समोर माणूसच आहे, याची खात्री काय?

२०१९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि फेसबुकच्या संशोधकांनी बनवलेल्या ‘प्लुरिबस’ या संगणक प्रणालीने सहा जणांच्या होल्डेममध्ये नामांकित व्यावसायिक खेळाडूंना हरवले. तिचे वैशिष्ट्य असे की ती प्रतिस्पर्ध्याच्या सवयी वाचून आपली खेळी बदलत नव्हती. कोणालाही वाचता येऊ नये, इतका समतोल खेळ हीच तिची ताकद होती.

छोट्या टेबलांवर त्या दर्जाची यंत्रणा लागत नाही. ठरावीक नियमांवर चालणारा, न थकणारा, कधीही ‘टिल्ट’ न होणारा साधा ‘बॉट’ही हौशी खेळाडूंना पुरून उरू शकतो. दुसरा धोका संगनमताचा. एकाच टेबलावरचे दोघे-तिघे फोनवर एकमेकांना पाने सांगत असतील, तर त्यांच्या बोलीतून काढलेले सगळे अर्थ चुकतात. असे प्रकार पकडण्यासाठी मंच स्वतःच बोलीचे पॅटर्न तपासतात. खेळाडूंमधली दरी कमी करण्यासाठी काहींनी ‘हड’वरही बंदी आणली. पार्टीपोकरने २०१९ मध्ये खेळाडूंना नावे बदलायला लावून जुन्या नोंदी निरुपयोगी केल्या. जीजीपोकरवर बाहेरच्या ‘हड’ला मनाई आहे.

कौशल्य की नशीब, न्यायालये काय म्हणाली?

या वादाची मुळे मुंबई राज्यातल्या एका खटल्यात आहेत. ‘मुंबई राज्य विरुद्ध आर. एम. डी. चमारबागवाला’ हा वर्तमानपत्रातील बक्षीस स्पर्धांचा खटला १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. ज्या स्पर्धेत यश मोठ्या प्रमाणावर कौशल्यावर अवलंबून असते ती जुगार नव्हे, ही भूमिका तिथून रुजली. १९६८ मध्ये न्यायालयाने रमीला प्रामुख्याने कौशल्याचा खेळ मानले. महाराष्ट्रात लागू असलेल्या १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यातही निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट आहे.

पोकरबाबत मात्र एकमत झाले नाही. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पोकरला जुगार ठरवले. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये आणि मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये कौशल्याच्या बाजूने कौल दिला.

कौशल्याच्या बाजूने अनेकदा एका अभ्यासाचा दाखला दिला जातो. अर्थशास्त्रज्ञ स्टीव्हन लेविट आणि थॉमस माइल्स यांनी २०१० च्या ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’चे निकाल तपासले. आधीच कुशल म्हणून ओळखल्या गेलेल्या खेळाडूंना गुंतवणुकीवर ३० टक्क्यांहून अधिक परतावा मिळाला होता, तर इतरांना १५ टक्क्यांहून अधिक तोटा. कौशल्य असते, हे यातून सिद्ध होते. पण बाकीच्या खेळाडूंनी पैसे गमावले, हेही त्याच आकड्यांतून दिसते.

नव्या कायद्यात काय आहे?

ऑनलाइन गेमिंगविषयीचे हे विधेयक लोकसभेत २० ऑगस्ट आणि राज्यसभेत २१ ऑगस्ट २०२५ रोजी संमत झाले. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. पैसे लावून पैसे जिंकण्याची अपेक्षा असलेला कोणताही ऑनलाइन खेळ, मग तो कौशल्याचा असो वा नशिबाचा, त्यात निषिद्ध ठरवण्यात आला आहे. असा खेळ चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड, तर जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. व्यवहार पुरवणाऱ्या बँका व पेमेंट कंपन्याही कक्षेत आहेत. खेळणाऱ्यावर मात्र गुन्हा नाही.

सुमारे ४५ कोटी लोक अशा खेळांत वर्षाला जवळपास २० हजार कोटी रुपये गमावतात, असा अंदाज सरकारने मांडला. कायद्याला उच्च न्यायालयांत आव्हान दिले गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या याचिका स्वतःकडे वर्ग करून घेतल्या. गोव्यात मांडवीवरील तरंगत्या कॅसिनोंमधील पोकर टेबले राज्याच्या १९७६ च्या जुगारविषयक कायद्याखाली येतात. नव्या बंदीचा रोख ऑनलाइन खेळांवर आहे.

बंदीनंतर खेळाडूंपुढचा धोका कोणता?

देशातील मंच बंद झाले तरी परदेशातून चालणारे अ‍ॅप आणि मेसेजिंग अ‍ॅपवरील दलालांमार्फत चालणारे खासगी ‘क्लब’ हे मार्ग उरतात. तिथे पैसे क्रिप्टो चलनात किंवा अनोळखी व्यक्तीच्या खात्यावर भरावे लागतात. मंच कोणाचा, पाने वाटणारी प्रणाली कोणी तपासली, शेजारच्या दोन खुर्च्यांवर एकच माणूस बसला आहे का, यांपैकी कशाचेही उत्तर मिळत नाही. जिंकलेली रक्कम अडकली तर तक्रार करायला नियामक नाही. २००७ मध्ये खेळाडूंना चोरी पकडता आली, कारण नोंदी होत्या आणि ऐकून घेणारे कोणी तरी होते. इथे दोन्ही नाही.

बोली वाचण्याचे सगळे गणित एकाच गृहीतकावर उभे आहे : समोरच्याला आपली पाने दिसत नाहीत आणि पाने प्रामाणिकपणे वाटली जातात. ते गृहीतक कोसळले की कितीही अचूक वाचन उपयोगाचे नाही.

कौशल्य आहे आणि तरीही बहुतेक जण हरतात, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न आहे तो यांपैकी कोणत्या विधानाला कायद्याने अधिक वजन द्यायचे, हा. खेळणाऱ्यापुढचा प्रश्न साधा आहे : किती डाव खेळलो, किती पैसे भरले, किती परत आले. जिंकलेले पॉट सोडून हे तीन आकडे कागदावर मांडले, तर बहुतेकांना आपले उत्तर मिळेल. हरलेले पैसे भरून काढण्यासाठी पुन्हा पैसे भरण्याची सवय लागली असेल, कर्ज काढावे लागत असेल किंवा घरच्यांपासून लपवाछपवी सुरू झाली असेल, तर केंद्र सरकारच्या ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास उपलब्ध आहे.